नऊ वेळा गुळगुळीत

४ जून

आदरणीय वास्तुविशारद बाईंना,

नमस्कार-चमत्कार राहू देत. चार वर्षांनी लिहिते आहे ती तुझी खुशाली विचारायला नव्हे. तुझी खुशाली मला मासिकांतून कळत असते. परवा दातांच्या डॉक्टरकडे बसले होते, तर समोरच्या टेबलावर तूच. काळा कोट, हाताची घडी, मागे नव्या वाचनालयाच्या छताचं चित्र. माझी दाढ आधीच ठणकत होती, त्यात ही भर.

पत्राचं कारण एवढंच की मी शिकायला लागले आहे. त्रेपन्नाव्या वर्षी, संगणकावर. तुम्ही मेश म्हणता, आमचे सर जाळी म्हणतात. हजारो टोकं, टोकांना जोडणाऱ्या कडा, कडांच्या मधे बसवलेले फलक. आणि ते हाताने काढायचं नाही. ते कसं घडावं याच्या पायऱ्या लिहायच्या, मग यंत्र त्या पायऱ्यांवरून आकार उभा करतं. जे माझ्या हातांना जमणार नाही असं तू सगळ्या ऑफिसला सांगितलंस, तेच.

आठवतं ना? माझी मॉडेलची खोली रिकामी केलीस, माझ्या कापायच्या टेबलावर तो मॉडेलं छापणारा डबा आणून ठेवलास आणि म्हणालीस, "ताईचे हात आता काचेच्या कपाटात ठेवायला हवेत. यापुढे सगळं मेशमध्ये." सगळे हसले. तू कौतुकाने म्हणालीस, असं रिसेप्शनवरच्या मुलीने मला नंतर समजावलं. असेल. बावीस वर्षं त्या खोलीत पुठ्ठा कापणाऱ्या बाईला ते कौतुक झोंबलं. त्याच संध्याकाळी मी माझी ब्लेडं गुंडाळली आणि निघाले. तू दारापर्यंतही आली नाहीस.

मला काय हवं आहे ते आत्ताच सांगून टाकते, म्हणजे ताई आडून बोलते असं म्हणायला तुला जागा नको. ते छत माझं आहे. तुझ्या ऑफिसात ते कुणी आखलं नाही, मी कागदाला घड्या घालून घालून ते शोधलं. तीन आठवडे. स्पर्धेत ते तुझ्या एकटीच्या नावाने गेलं आणि जिंकलं. आता वाचनालय उभं राहतंय. दारात पाटी लागेल. त्या पाटीवर माझं नाव लागलं पाहिजे, नाहीतर तुझं निघालं पाहिजे. खरं सांगू? मला दुसरं जास्त आवडेल.

हे कसं करायचं ते अजून मला माहीत नाही. पण ज्या हत्याराने तू मला बाहेर काढलंस ते आधी हातात घेते, मग बघू.

तुझी मोठी बहीण


२१ जुलै

बाईसाहेब,

उत्तर मिळालं. रिसेप्शनवरच्या मुलीच्या अक्षरात दोन ओळी: पत्र पोचलं, बाईंना वाचायला वेळ नाही. बरं झालं. न वाचणाऱ्याला लिहिताना हात मोकळा सुटतो.

आमच्या सरांना सगळे जाळीवाले सर म्हणतात. साठीचे आहेत, आधी पुलांची ड्रॉइंग काढायचे. त्यांचं दोन खोल्यांचं वर्कशॉप आहे. पत्रे कापणारे कारखाने त्यांना फाइली पाठवतात, सर त्यांतले फलक सुटे करून, क्रमांक घालून परत देतात. उरलेल्या वेळात आम्हा चौघांना शिकवतात. समोर बघून बोलायची त्यांना सवय नाही. सगळं बोलणं पडद्याकडे बघत.

पहिल्याच आठवड्यात मी तोंडावर पडले. सरांनी घुमट करायला सांगितला होता. मी माझ्या सवयीने एकेक फलक वेगळा केला आणि कडेला कड नीट भिडवत गेले, पुठ्ठ्यात करते तशी. पडद्यावर घुमट इतका देखणा दिसत होता की मी बाजूच्या मुलीला बोलावून दाखवला. सर आले. त्यांनी एक टोक धरलं आणि वर ओढलं. अख्खा घुमट फिस्कटला. एकच फलक वर गेला, बाकीचे जागच्या जागी.

"बाई," सर पडद्याला म्हणाले, "इथे एका जागी चार टोकं आहेत. चारही एकमेकांवर बसलीत, पण एकमेकांना ओळखत नाहीत. नुसतं शेजारी बसून भागत नाही, जोडायला लागतं."

मला हसू आलं. वीस वर्षं एका टेबलावर जेवलेल्या दोन बहिणी मला माहीत आहेत, असं त्यांना सांगणार होते. सांगितलं नाही, कारण ते हसले नसते.

दुसरी खोड होती खोडरबराची. काही चुकलं की मी पुसून नव्याने सुरुवात करायची. सर एकदा वैतागले. "पुसू नका हो. इथे काही पुसायचं नसतं. चुकलं कुठल्या पायरीवर ते बघा, त्या पायरीवर जा, तिथे दुरुस्त करा. खालचं आपोआप सुधारतं. आणि एखादी पायरी नको असेल तर ती बंद करा, आधीचा आकार आतच आहे." हे मात्र मला फार आवडलं. कागदावरचा घाव बुजत नाही. इथे प्रत्येक गोष्ट कुणी, कशानंतर केली ते जसंच्या तसं राहतं. तुझ्यासारख्या माणसांसाठी हे फार गैरसोयीचं असणार.

आता जमायला लागलंय. तीन घुमट, एक वळणारा जिना, आणि कापड लोंबतं तसं लोंबवून मग उलटं केलेलं एक छत. सर काल म्हणाले, "बाईंना घडी दिसते. बाकीच्यांना नुसती जाळी दिसते." तू बावीस वर्षांत एवढं बोलली नाहीस.

मोठी


१२ सप्टेंबर

बाईसाहेब,

आज देव आहे असं वाटलं.

सकाळी सरांनी माझ्यासमोर एक काम टाकलं. "मोठं आहे, बाई. सहाशे बारा फलक. नव्या वर्षात कारखाना कापायला घेणार. ज्याने लिहिलंय तो पोरगा नोकरी सोडून गेला, फाइल मधेच अडकते. कुठे अडकते ते शोधा."

मी फाइल उघडली. पायऱ्यांची रांग दिसली आणि शेवटी आकार उभा राहिला. माझं छत. माझी मधली लांब घडी, दोन्ही बाजूंना पडत जाणाऱ्या आखूड घड्या, उत्तरेकडची उचललेली कड. तुझ्या तंत्रज्ञाने पायऱ्यांना नावं दिली आहेत, आणि तो पोरगा प्रामाणिक निघाला. स्पर्धेनंतर परत आलेलं मॉडेल त्याने स्कॅन केलं होतं, त्यावरच सगळं रचलंय. पहिल्या पायरीचं नाव काय आहे माहीत आहे? 'ताईचा कागद'.

मी उठले, बाहेर जाऊन दोन ग्लास पाणी प्यायले आणि परत येऊन बसले. सरांना काही बोलले नाही. तुझ्याच फाइलीच्या पोटात माझं नाव आहे, आणि त्याच्या डोक्यावर चढून तू भाषणं देतेस.

भाषण ऐकलं मी तुझं. ते चित्रफितीतलं. छताच्या मधोमध जो खळगा आहे त्यावर बोट ठेवून तू सांगतेस, "हा उतार माझ्या वडिलांच्या खांद्याचा आहे. आयुष्यभर शिलाई मशीनवर वाकलेल्या माणसाचा." मग थांबतेस. मग टाळ्या.

बाबांचा खांदा कसा उतरत होता ते मला विचार. त्यांचा शेवटचा कोट मी मापला, मी कापला. डावा खांदा सव्वा इंच, उजवा दीड. त्यांच्याच तपकिरी कागदावर आपण दोघी कापायला शिकलो, तू वाकडं कापायचीस आणि बाबा तुलाच शाबासकी द्यायचे. तुझ्या छतातला तो उतार कुणाचा खांदा नाही. ओल्या डिंकाचा झोल आहे तो. माझ्या मॉडेलमध्ये खळगा नव्हताच. मधल्या घडीचा डिंक ओला असताना खालून आधार लागतो. तू टेकू नीट दिला नसशील, कागद मधे बसला, आणि तोच बसलेला कागद तू जगाला विकलास.

ती दुपार काढायची नव्हती, पण निघालीच आहे तर निघू दे. रविवार. स्पर्धेचा शेवटचा दिवस, सहाला मॉडेल जमा करायचं. ऑफिसात आपण दोघीच, बाकीचे छपाईला गेलेले. दीड वाजता दवाखान्यातून फोन आला की लगेच या. मी धावले. तू नाही आलीस. चार पुस्तकं मॉडेलखाली सारायची, वरून एक हलकं वजन ठेवायचं, दोन-अडीच तासांत डिंक धरतो. एवढं करून तुला दहा मिनिटांत दवाखान्यात येता आलं असतं. बाबा दोनदा म्हणाले, "धाकटी कुठाय?" सव्वातीनला मी ऑफिसात फोन लावला. वाजत राहिला. तू उचलला नाहीस. पावणेचारला ते गेले.

सहाला तू मॉडेल जमा केलंस आणि सातला घरी आलीस. आलीस ती कुणाशी न बोलता सरळ बेसिनपाशी गेलीस आणि हात धूत उभी राहिलीस. धूत राहिलीस. घर माणसांनी भरलेलं. मी सगळ्यांसमोर विचारलं, "झालं का तुझं छत?" तू काही बोलली नाहीस. काय बोलणार होतीस?

मोठी


१८ नोव्हेंबर

बाईसाहेब,

फाइल कुठे अडकते ते सापडलं, ते किरकोळ होतं. पण सरांची एक पद्धत आहे. कुठलंही छत कारखान्याला देण्याआधी ते त्यावर पाणी सोडतात. प्रत्येक फलकावर एक थेंब ठेवायचा, उतार असेल तिकडे घरंगळू द्यायचा, आणि तो कुठे थांबतो ते बघायचं. मी सोडलं. सगळे थेंब कडेला गेले. मधल्या खळग्यातले मात्र जागचे हलले नाहीत. तिथे आठ-दहा बादल्या पाणी साचेल, वाचनकक्षाच्या बरोबर डोक्यावर.

सर म्हणाले, "कळवायला पाहिजे त्यांना." मी म्हटलं, मी कळवते.

मी वाचनालयाच्या समितीला कळवलं. ऑफिसला नाही, समितीला. पत्रात दोन मुद्दे आहेत. छतात पाणी साचणार, आणि छत मूळ कुणाचं आहे याचा पुरावा फाइलीच्या पहिल्या पायरीत आहे. सरांची सही घेतली ती फक्त पहिल्या मुद्द्याच्या कागदावर, दुसरा कागद मी मागून जोडला. हे बरं केलं नाही, हे मला कळतं. पत्र पडलं पेटीत आणि मला चार वर्षांत पहिल्यांदा शांत झोप लागली. चौदा डिसेंबरला अकरा वाजता समितीने बैठक ठेवली आहे. तुला निमंत्रण आलं असेलच.

आणि आज तुझा फोन आला. तुला माहीत नाही, पण तू माझ्याशी बोललीस. सर नव्हते, मी उचलला. एका शब्दात तुला ओळखलं. माझा घसा बसलेला होता, म्हणून वाचले.

"तुमच्याकडे आमच्या छताची फाइल आहे," तू म्हणालीस. "त्या मधल्या उताराला हात लावायचा नाही."

"पाणी साचतंय," मी म्हटलं.

"साचू दे. नळी टाकू, पंप टाकू, काय ते आम्ही बघू. तो उतार आहे तस्साच राहिला पाहिजे."

"एक आकडा बदलला की सरळ होतं ते."

"बदलायचा नाही, सांगितलं ना? बाकी छत वितळलं तरी चालेल. तेवढं माझं आहे."

आणि ठेवलास.

ठमे, हे ऐकून माझं डोकंच फिरलं. माझ्या तीन आठवड्यांच्या घड्या वितळल्या तरी चालतील आणि तुझा झोल मात्र राहिला पाहिजे. तेव्हाच ठरवलं. बैठकीत मी नुसता पुरावा दाखवणार नाही. भिंतीवर फाइल उघडीन, समितीसमोर तो एक आकडा बदलीन, आणि बाबांचा खांदा वर येऊन सपाट होताना सगळ्यांना बघू देईन. पाणी वाहून जाईल, छत बरोबर होईल, आणि त्यात तुझं म्हणून काही उरणार नाही. कुणी मला दुष्ट म्हणू शकणार नाही, कारण दुरुस्तीच तर केली. इतकं चोख उट्टं काढायला मिळेल असं वाटलं नव्हतं.

मोठी


३ डिसेंबर

ठमे,

हे पत्र नीट वाच. आधीची वाचली नसलीस तर तीही वाच.

आज दुपारी मी बैठकीची तयारी करत होते. आकडा बदलून खळगा वर आणायचा, तर तो नेमका किती खोल आहे आणि कुठून सुरू होतो ते कळायला हवं. ते काही केल्या नीट मिळेना, सगळं घोटलेलं. म्हणून पायऱ्या बघत वर गेले. पहिली, 'ताईचा कागद'. दुसरी, 'गुळगुळीत', आणि पुढे आकडा नऊ. म्हणजे तुझ्या तंत्रज्ञाने स्कॅन केलेला कागद नऊ वेळा गुळगुळीत केला आहे. प्रत्येक वेळी टोकं शेजाऱ्यांच्या मधोमध सरकतात, उंचवटे बसतात, खड्डे भरतात. सगळेच करतात. कागदाचे बारीक बारीक दोष कोण ठेवेल?

मी ती पायरी बंद केली.

माझा कागद आला. खराखुरा, रेषांसकट. ब्लेडचा एक ओरखडा होता तोही होता. आणि खळग्याभोवती उंचवटे दिसले. बारीक, वाटाण्याएवढे, कागद खालून वर उचललेला. डाव्या बाजूला चार, कमानीत. उजव्या बाजूला तीन कमानीत आणि चौथा भलतीकडेच, आत वळलेला. वर, मधल्या घडीच्या दोन्ही अंगांना एकेक चपटा खड्डा.

मी बराच वेळ पुस्तकं शोधत होते. पुस्तकांच्या कडा, वजनाचा चौकोन. टेकू वाईट दिला असता तरी त्याची खूण राहिली असती. नव्हती. मग मी आपले दोन्ही हात पडद्यासमोर धरले, तळवे वर, बोटं फाकलेली, अंगठे वरून. माझा चौथा उंचवटा जुळेना. माझी उजवी करंगळी सरळ आहे.

तुझी नाही. तू सात वर्षांची होतीस, मी रागाने दार आपटलं होतं आणि तुझं बोट मधे होतं. तेव्हाही तू मी आपटलं असं घरी सांगितलं नव्हतंस.

सर येऊन मागे उभे राहिले. "कुणीतरी धरून ठेवलं होतं हे," ते म्हणाले. "आणि बराच वेळ. बघा ना, बोटं थकलीत. इथे, इथे, खूण ओढली गेलीय. मधे कागद बसला कारण हात खाली येत गेले." पहिल्यांदाच त्यांनी पडदा सोडून माझ्याकडे बघितलं. "काय झालं, बाई?"

आता मला एक गोष्ट लिहायची आहे जी मी सप्टेंबरच्या पत्रात लिहिली नाही. चार वर्षं ती मी स्वतःलाही सांगितली नाही. त्या दिवशी फोन आला तेव्हा मधली घडी माझ्या हातात होती, नुकता डिंक लावलेला. मी तुला हाक मारली. तुझे हात त्याखाली ठेवले, बोटं कशी फाकवायची ते दाखवलं आणि म्हटलं, "धर. सोडू नकोस. मी आलेच."

असं म्हणाले आणि गेले.

टेकू द्यायचा, पुस्तकं सारायची, हे मला माहीत होतं, कारण मॉडेल मी करते. तू कधी केलं नव्हतंस. तुला कोण सांगणार? मी धर म्हटलं, तू धरलंस. फोन वाजला तेव्हा तुझे दोन्ही हात त्या कागदाखाली होते. तो कोण करतंय आणि कशासाठी, हे तुला वाजतानाच कळलं असणार. आणि सोडलं तर ताईचं तीन आठवड्यांचं काम कोसळेल. वीसदा वाजू दिला मी तो. प्रत्येक वाजण्याला तू तिथे उभी होतीस.

आणि संध्याकाळी बेसिनवर तू डिंक काढत होतीस. मी तुला सगळ्यांसमोर विचारलं, झालं का तुझं छत.

यापुढे आज लिहवत नाही.

ताई


१२ डिसेंबर

ठमे,

परवा बैठक आहे. मी समितीला लिहिलेलं पत्र परत घेणार नाही, हे आधी सांगते. मागून जोडलेल्या त्या कागदाचं मी सरांना सांगितलं. ते रागावले, आणि दोन दिवस माझ्याशी पडद्याकडे बघूनही बोलले नाहीत. ते माझं मी बघेन.

माझा राग गेला असं समजू नकोस. त्या छतावर तू एकटीचं नाव घातलंस ते चुकलंच. माझी खोली काढून घेतलीस तेही. मला शिक्षा करत होतीस का? आता मला तसं वाटतं. मी तुझी जीभ कापली होती त्या संध्याकाळी, मग तू माझे हात कपाटात घातलेस. एक शब्द बोलली असतीस, "ताई, तूच धर म्हणाली होतीस." सगळ्या माणसांसमोर माझं नाक कापलं गेलं असतं, आणि ते जायलाच हवं होतं. तू गप्प राहून मला चार वर्षं खरी ठरू दिलंस. याहून वाईट सूड मला सुचला नसता.

तर आता माझा. शनिवारी मी फाइल भिंतीवर उघडणार. पहिली पायरी दाखवणार, 'ताईचा कागद'. मग दुसरी बंद करणार आणि खुर्चीवर जाऊन बसणार. पुढचं तू बोलायचं. बाबांच्या खांद्याचं नाही. ते गोड भाषण पुन्हा दिलंस तर मी तिथल्या तिथे उठून मापं सांगेन. तू त्या दुपारचं सांगायचं, जसं झालं तसं, मी काय म्हणाले आणि परत कशी आलेच नाही त्यासकट. तू नाही सांगितलंस तर मी सांगेन, आणि मी वाईट सांगते हे तुला माहीत आहे. पाटीवर दोन नावं लागतील. माझं वर, कारण मी मोठी आहे.

पाण्याचं मी केलं. खळगा उचलला नाही. आकडा लिहून ठेवला होता, तो खोडला. खळग्याच्या दक्षिणेची कड चार बोटं खाली उतरवली, नुसतं एक टोक हलवलं आणि बाकीचे फलक आपापले वाकले. सहाशे बारापैकी एकेचाळीस बदलले. तीनदा थेंब सोडून बघितले. आता पाणी तुझ्या बोटांमधून वाहतं आणि कडेने खाली जातं, थांबत नाही. सरांनी तपासलं आणि पडद्याला म्हणाले, "बरोबर आहे." तुझी बोटं त्या नऊ वेळांच्या खाली तशीच आहेत, कुणाला दिसायची नाहीत.

तुझे हात आता कसे आहेत? मासिकातल्या चित्रात घडी घातलेली आहे, करंगळी दिसत नाही.

बाबा दोनदा विचारत होते, धाकटी कुठाय. मी सांगितलं, येतेय. आज विचारलं असतं तर सांगितलं असतं, ती धरून उभी आहे, मी धर म्हटलं म्हणून.

शनिवारी अकराला मी येते आहे. आधी दाराशी येईन, तुझ्यापाशी. मी आले की सोड.

ताई